खाली गंगेवर

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारे असतात. त्यांना इंग्रजी परीक्षेसाठी नको असते, दुसऱ्या दिवशीच्या फोनसाठी हवे असते. द्राक्षांच्या हंगामात तर हे फारच जाणवते, कारण पिंपळगाव, ओझर आणि दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये काम करणारी मुलेमुली दिवसभर ब्रिक्स म्हणजे द्राक्षांतल्या गोडीचे माप, घडांचे वजन आणि पेट्यांचा हिशेब यांत गुंतलेली असतात आणि रात्री बसमध्ये बसल्या बसल्या परदेशातल्या खरेदीदारांचे निरोप वाचत असतात. अशाच एका विद्यार्थिनीने वर्ग सुटल्यावर आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. इंग्लंडमधल्या खरेदीदाराचा तीन वाक्यांचा निरोप होता. पहिल्या वाक्यात तो म्हणत होता, 'आय ॲम हेडिंग बॅक अप टू लीड्स टुनाइट.' दुसऱ्यात विचारत होता, 'इज द कंटेनर स्टिल आउट ॲट द पोर्ट?' आणि तिसऱ्यात कळवत होता, 'आय विल बी ओव्हर इन नाशिक ऑन ट्यूझडे.'

निरोप तिला समजला होता. तिची अडचण वेगळीच होती. "मॅडम, 'इन नाशिक' म्हटलं असतं तरी चाललं असतं ना? मग हा 'ओव्हर' कशाला? 'ओव्हर' म्हणजे संपलं ना?" असे तिने विचारले, आणि पाठोपाठ "'ॲट द पोर्ट'च्या आधी 'आउट' का?" असेही विचारले. बंदर गावाबाहेर असते म्हणून 'आउट', समुद्रापलीकडून यायचे म्हणून 'ओव्हर', असे काहीतरी सांगून मी वेळ निभावली. उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि ते तिला जितके जाणवले त्याहून अधिक मला जाणवले.

आपल्याकडे ही अव्यये शिकवतात ती गाळलेल्या जागांमधून. वाक्यात एक रिकामी जागा असते आणि तिथे 'इन', 'ऑन' किंवा 'ॲट' यांपैकी एक शब्द बसवायचा असतो. एका जागेला एकच शब्द, हा हिशेब दहा वर्षे पक्का होतो. प्रत्यक्ष बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत मात्र त्या जागी दोन-दोन, तीन-तीन शब्द हातात हात घालून येतात. 'अप ऑन द शेल्फ', 'डाउन इन द व्हॅली', 'आउट इन द गार्डन', 'इन फ्रॉम द रेन', 'ओव्हर बाय द विंडो', 'बॅक डाउन टू द रोड'. शेवटचा शब्द आपल्या ओळखीचा असतो, कारण गाळलेल्या जागेत तो भरलेला असतो. त्याच्या आधीचा शब्द कोठून आला, हे कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे आपली मुले तो गाळूनच बोलतात. त्यांचे वाक्य व्याकरणाने शुद्ध असते, पण ते नकाशाकडे बघून बोलल्यासारखे वाटते, बोलणारा स्वतः त्या जागेत कुठे उभाच नसल्यासारखे.

त्या निरोपाकडे पुन्हा पाहिले तेव्हा हे मला स्पष्ट झाले. 'इन नाशिक' हे नाशिकविषयी आहे. मंगळवारी तो माणूस या शहराच्या हद्दीत असेल, एवढेच त्यातून कळते आणि हे जगात कुठूनही म्हटले तरी खरे राहते. 'ओव्हर' हा शब्द मात्र त्या माणसाविषयी आहे. तो सध्या इथे नाही, मधले मोठे अंतर ओलांडून येणार आहे, हे तो शब्द सांगतो. 'बॅक अप टू लीड्स' यातले 'टू' फक्त लीड्सकडे बोट दाखवते. 'बॅक'मुळे कळते की लीड्स हे त्याचे नेहमीचे ठिकाण आहे आणि तो तिथून निघालेला आहे. 'अप'मुळे बहुधा कळते की निरोप लिहिताना तो लीड्सच्या दक्षिणेला कुठेतरी होता. हे सगळे त्याने सांगायला घेतलेले नव्हते. दोन छोट्या शब्दांनी ते त्याच्या नकळत सांगून टाकले. शेवटचे अव्यय वस्तूचे वस्तूशी नाते सांगते, आणि आधीचे दिशादर्शक क्रियाविशेषण बोलणाऱ्याचे पाऊल कुठे आहे ते सांगते, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी मनात पक्की झाली, तशी मला माझ्या आजीची आठवण झाली.

जुने नाशिक नऊ टेकांवर वसले आहे असे सांगतात. आजीचे घर चित्रघंटेच्या बाजूला, अशाच एका चढावरच्या आळीत होते. नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात, आणि तिच्या काठाला 'गंगेवर' म्हणतात. बुधवारचा बाजार गंगेवर भरतो, दहाव्याचे विधी गंगेवर होतात, उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे सहज म्हणून गंगेवर जाऊन बसतात. आजोबा रोज पहाटे गंगेवर जात आणि बराच वेळ परत येत नसत. मग आजी मला हाक मारून म्हणे, "जा, खाली गंगेवर आजोबा असतील, त्यांना वर बोलावून आण. आणि तू परत खाली गंगेवर जाऊ नकोस."

हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकले असेल. 'खाली गंगेवर' म्हणजे अक्षरशः 'डाउन बाय द रिव्हर'. 'खाली' हे क्रियाविशेषण आमच्या आळीच्या उंचीवरून बोलते, आणि 'गंगेवर'मधले 'वर' हे शब्दयोगी अव्यय आजोबांचे नदीशी नाते सांगते. 'परत खाली गंगेवर' यात तर 'बॅक डाउन टू द रिव्हर'मधला पहिल्या दोन शब्दांचा क्रमही तोच आहे. घाटावर उभ्या असलेल्या आजोबांना जर कोणी विचारले असते की तुम्ही कुठे आहात, तर ते 'गंगेवर' म्हणाले असते, 'खाली गंगेवर' म्हणाले नसते. 'खाली' हा शब्द आजीचा होता. तो ओट्यावर उभे राहूनच उच्चारता येत होता.

जी गोष्ट मी विद्यार्थ्यांना परकी म्हणून समजावून सांगत होते, ती आमच्या घरात रोज बोलली जात होती. वर गच्चीवर, बाहेर ओट्यावर, आत स्वयंपाकघरात, मागे परसात, तिकडे मामाकडे. एकही मराठी घर यांच्याशिवाय चालत नाही. 'वर गच्चीवर' म्हणताना एकच 'वर' आपण दोनदा उच्चारतो, एकदा सुटा आणि एकदा जोडून, आणि त्यात काही पुनरुक्ती होते आहे असे कोणालाही वाटत नाही, कारण दोन्ही 'वर' वेगवेगळे काम करतात. पहिला बोलणाऱ्याच्या डोक्यापेक्षा उंच असलेली जागा दाखवतो आणि दुसरा गच्चीच्या पृष्ठभागाशी चिकटतो. मराठी लेखनाने तर हा भेद डोळ्यांना दिसेल असा ठेवला आहे. क्रियाविशेषण सुटे लिहायचे, शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहायचे, हा नियम आपण शाळेत शुद्धलेखनासाठी पाठ करतो. इंग्रजीत दोन्ही सुटेच लिहिले जातात, म्हणून तिथला भेद आपल्या नजरेतून निसटतो. 'इनटू'सारखे काही शब्द जोडले गेले आहेत, आणि त्यांनी होणारा फरक पाहण्यासारखा आहे. 'इन' आणि 'टू' सुटे ठेवून 'टर्न्ड इन टू अ लेन' लिहिले तर माणूस एका गल्लीत वळतो, आणि जोडून लिहिले तर माणसाचीच गल्ली होण्याची शक्यता निर्माण होते.

आता प्रश्न असा की आपल्या भाषेत हे इतके सहज आहे, तर इंग्रजीत बोलताना आपल्या मुलांची जीभ का अडखळते? बराच काळ मला वाटत होते की सवयीचा प्रश्न आहे. पण वर्गातल्या चुका वहीत टिपून ठेवायला लागल्यावर दिसले की त्या सगळीकडे सारख्या होत नाहीत. 'डाउन इन द यार्ड' एकदा सांगितले की मुलांना जमते. 'डाउन फ्रॉम द लॉफ्ट' मात्र जमत नाही. तिथे 'फ्रॉम द लॉफ्ट डाउन' असेच तोंडात येते.

याचे कारण मला रामकुंडावर सापडले. पावसाळा संपत आलेला होता आणि पाण्याला अजून ओढ होती. संध्याकाळी कोणीतरी द्रोणात दिवा लावून सोडला. तो हेलकावे खात गाडगे महाराज पुलाकडे गेला, पुलाच्या सावलीत दिसेनासा झाला, आणि थोड्या वेळाने पलीकडे पुन्हा चमकला. शेजारी उभी असलेली एक छोटी मुलगी आनंदाने ओरडली, "आई, पुलाखालून बाहेर आला!" मी सवयीने ते वाक्य मनात इंग्रजीत केले आणि 'आउट फ्रॉम अंडर द ब्रिज' हे चार तुकडे मला आरशात पाहिल्यासारखे दिसले. इंग्रजीत आधी 'आउट', मग 'फ्रॉम', मग 'अंडर' आणि शेवटी पूल. मराठीत आधी पूल, मग 'खाल', मग 'ऊन', आणि शेवटी 'बाहेर'. एकही तुकडा कमी नाही, एकही जास्त नाही, फक्त ओळ पूर्ण उलटी आहे.

जिथे कोठून तरी निघण्याची गोष्ट असते तिथे मराठी प्रवासाच्या क्रमाने बोलते. जिथून निघालो ते आधी, जिथे पोचलो ते नंतर: माळ्यावरून खाली, घरातून बाहेर, उन्हातून आत. इंग्रजी तिथेही दिशा आधी सांगते आणि निघण्याची जागा मागाहून जोडते: 'डाउन फ्रॉम', 'आउट ऑफ', 'इन फ्रॉम'. नुसते कुठे असण्याची किंवा कुठे जाण्याची गोष्ट असेल, तर मात्र मराठीही दिशा आधी सांगते, 'खाली गंगेवर'. म्हणून एकीकडे मुलांची जीभ अडत नाही आणि दुसरीकडे अडते. तेव्हापासून मी वर्गात फळ्यावर 'पुलाखालून बाहेर' लिहिते, त्याचे तुकडे पाडते आणि उजवीकडून डावीकडे वाचायला लावते. नियम सांगण्यापेक्षा हे लवकर समजते.

आणखी एक भेद आहे आणि तो अधिक खोलवरचा आहे. त्यासाठी गंगेच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी जावे लागते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की साऱ्या शहराचे लक्ष या मारुतीकडे लागते. किती क्युसेक पाणी सोडले हे वर्तमानपत्रात येते, पण नाशिककर एकमेकांना विचारतात ते "मारुतीच्या कुठं लागलं पाणी?" असे. 2008 आणि 2019 चे पूर पाहिलेल्या माणसांच्या आठवणीही याच मापाने सांगितल्या जातात. समजा, सकाळी गुडघ्याला असलेले पाणी दुपारी कमरेला लागले. आपण म्हणतो, पाणी कमरेपर्यंत चढले. इंग्रजी म्हणेल, पाणी 'अप टू हिज वेस्ट' आहे. दुसऱ्या दिवशी छातीला लागलेले पाणी ओसरत कमरेवर आले. आपण म्हणतो, कमरेपर्यंत उतरले. इंग्रजी म्हणेल, 'डाउन टू हिज वेस्ट'. दोन्ही वेळा पाणी त्याच कमरेला आहे. काठावर उभे राहून फक्त त्या क्षणी पाहणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसणार नाही. पण आळीतल्या माणसाचा जीव पहिल्या बातमीने धास्तावतो आणि दुसरीने सुटकेचा श्वास टाकतो, आणि तो फरक इंग्रजीत 'अप' आणि 'डाउन' यांत मावतो, मराठीत 'चढले' आणि 'उतरले' यांत.

आपले 'पर्यंत' दोन्हीकडे तेच राहते. दिशा आपण क्रियापदाच्या पोटात ठेवतो. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे, ओसरणे या क्रियापदांनी वाट आपल्या अंगातच घेतलेली आहे, म्हणून आपल्याला बाहेरून दिशेचा शब्द लावायची प्रत्येक वेळी गरज पडत नाही. लेनर्ड टॅल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ निबंधात जगातल्या भाषा गतीची वाट कोठे ठेवतात याची मांडणी केली. स्पॅनिशसारख्या भाषा ती क्रियापदात ठेवतात. इंग्रजीसारख्या भाषा क्रियापदात चालणे, धावणे, तरंगणे असा गतीचा प्रकार ठेवतात आणि वाट बाजूच्या छोट्या शब्दाकडे सोपवतात. क्रियापदाभोवती फिरणाऱ्या या शब्दांना त्याने 'उपग्रह' असे नाव दिले. मला ते नाव फार आवडते. इंग्रजीत 'असेंड', 'डिसेंड', 'एंटर' ही वाट पोटात घेतलेली क्रियापदेही आहेत, पण ती लॅटिनच्या घराण्यातून आलेली आहेत आणि त्यांना दरबारी वास येतो. घरात, रस्त्यावर, गोदामात बोलले जाते ते 'गो अप', 'कम डाउन', 'गेट इन'.

यामुळेच 'दिवा तरंगत पुलाखालून बाहेर आला' असे आपण म्हणतो. मुख्य क्रियापद 'आला', आणि तरंगणे हे त्याच्या सोबतीला. इंग्रजीत 'फ्लोटेड' हेच मुख्य क्रियापद होते आणि येणे वेगळे सांगावे लागत नाही, ते 'आउट'ने सांगून झालेले असते. मुलांना मी सांगते की मराठी वाक्यातल्या 'चढला', 'उतरला', 'शिरला', 'निघाला' यांच्यासाठी इंग्रजी क्रियापद शोधत बसू नका. चढण्याचा 'अप' करा, शिरण्याचा 'इन' करा, आणि मग माणूस कसा चढला किंवा कसा शिरला ते क्रियापदात सांगा.

आता नाशिकच्या माणसाला 'अप' आणि 'डाउन' हे शब्द परके आहेत, असे म्हणणेही बरोबर नाही. 'अपटुडेट राहतो' म्हणताना त्यात 'अप' आणि 'टू' दोन्ही आहेत, हे आपल्या मनात येत नाही. आणि 'अपडाउन करणे' हा तर इथल्या घराघरातला शब्द आहे. रोज पहाटे उठून नाशिक रोडला जाऊन पंचवटी एक्सप्रेस पकडणारी, मुंबईत नोकरी करून रात्री परतणारी माणसे 'अपडाउन' करतात. या शब्दात एक मोठी गंमत दडलेली आहे. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी ती 'अप' आणि मुंबईहून निघालेली ती 'डाउन'. प्रत्यक्षात मात्र इगतपुरी सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि मुंबईकडे जाणारी गाडी तिथून कसाऱ्याला घाट उतरून जाते. घाटाचा चढ 37 मीटरला 1 मीटर असा तीव्र आहे, म्हणून मुंबईहून येणाऱ्या जड गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिने जोडावी लागतात. म्हणजे घाट धापा टाकत चढणारी गाडी 'डाउन' आणि सरसर उतरणारी 'अप'.

हा उलटेपणा इंग्लंडमधून आलेला आहे. तिथल्या रेल्वेत लंडनकडे जाणारा मार्ग 'अप' असतो, कारण लंडनला जाणे हे जुन्या बोलण्यात नेहमी 'अप टू लंडन'च असे, मग माणूस उत्तरेच्या डोंगरातून येत असला तरीही. मोठे ठिकाण उंच, आडगाव खाली. त्याच भाषेत उत्तर दिशाही 'अप' असते, कारण नकाशात ती वर असते. तेव्हा लीड्सहून लंडनला जाणाऱ्याला 'अप टू लंडन' हे एका हिशेबाने बरोबर आणि 'डाउन टू लंडन' हे दुसऱ्या हिशेबाने बरोबर. उंची, नकाशा आणि मान असे तीन हिशेब एकाच छोट्या शब्दात नांदतात, आणि बोलणाऱ्याने त्यातला कोणता धरला आहे हे त्याच्या उभे राहण्याच्या जागेवरून ओळखावे लागते. आपल्याकडेही 'वरून आदेश आला' म्हणताना कोणी गच्चीकडे पाहत नाही.

'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ', 'लुक फॉरवर्ड टू' अशा जोड्यांमध्ये दिशा इतकी पुसट झाली आहे की तिथे मी फार खोदकाम करत नाही. ती क्रियापदे अख्खी शिकावी. तरी 'आउट ऑफ हँड' ऐकल्यावर मुलांना आपले 'हाताबाहेर' आठवते आणि त्यांचे चेहरे खुलतात, ते पाहायला मला आवडते. उलट दिशेनेही कधी कधी जाऊन पाहावे. 'तो बाहेरच्याबाहेर निघून गेला' हे वाक्य मी अनेकदा इंग्रजीत करून पाहिले आहे. दारापर्यंत आला असेल, भेट घ्यायला हवी होती, आत पाऊल टाकले नाही आणि घरच्यांना ते लागले, एवढे सारे त्या एका द्विरुक्त शब्दात आहे. इंग्रजीतले कोणतेही दोन-तीन उपग्रह एकत्र आणले तरी मला तेवढे सांगता आलेले नाही.

पुढच्या आठवड्यात ती विद्यार्थिनी पुन्हा थांबली. या वेळी तिने स्वतः लिहिलेले उत्तर दाखवले, अजून पाठवलेले नव्हते. तिने लिहिले होते, 'वी आर अप हिअर ॲट द पॅकहाऊस. द नेक्स्ट कंटेनर वेंट डाउन टू द पोर्ट लास्ट नाइट.' मी तिला विचारले की न्हावा शेवा बंदर मुंबईच्या बाजूला, आणि आपल्याकडे तर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' म्हणतात, मग इथे 'डाउन' का घेतलेस?

"रात्री एक वाजता ड्रायव्हरचा फोन आला होता, मॅडम," ती म्हणाली. "घाट उतरलो म्हणून."